वळिवडे पोलिश वसाहत

वळिवडे पोलिश वसाहत ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे या गावाजवळ उभारलेली निर्वासितांची वस्ती होती. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश नागरिक राहिले. भारतातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी वस्ती होय. वळिवडे हे आज कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर आहे. वसाहतीच्या जागेवर पुढे गांधीनगर वसले.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंड व्यापला. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने मालगाड्यांतून सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियात हद्दपार केले. जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर, जुलै १९४१ मधील सिकोर्स्की-मायस्की करारामुळे त्यांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला. जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांच्या सैन्यासोबत १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्रमार्गे इराणमध्ये पोहोचले. लढण्यायोग्य पुरुष सैन्यात राहिले; स्त्रिया, मुले व वृद्धांसाठी मात्र आश्रय शोधावा लागला.

जामनगरजवळील बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाने १९४२ मध्ये मुलांची छावणी सुरू झाली होती. कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती, ती वळिवडे येथे मिळाली. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग जवळून जात होता आणि पंचगंगेचे खोरेही सुपीक होते. इराणमधून निघालेले निर्वासित समुद्रमार्गे कराचीला आणि तेथून रेल्वेने वळिवड्यास येत.

वसाहतीतील जीवन

वसाहतीचा खर्च लंडनस्थित पोलिश निर्वासित सरकार करीत असे. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिंस्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीने भारतातील निर्वासितांच्या व्यवस्थेत मोठा वाटा उचलला. त्या पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रूढ उल्लेख 'छावणी' असा असला तरी रहिवासी या जागेला 'वसाहत' म्हणत, आणि ते नाव अधिक योग्य वाटते. लांबलचक बराकींमध्ये प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या होत्या. चर्च, रुग्णालय, टपाल कार्यालय, नाट्यगृह आणि दुकाने वसाहतीतच होती. प्राथमिक व माध्यमिक शाळांत पोलिश भाषेतून, पोलिश अभ्यासक्रमाप्रमाणे शिक्षण दिले जाई. युद्ध संपताच मुले मायदेशी जातील, तेव्हा त्यांचा अभ्यास मागे पडलेला नसावा, हा त्यामागचा हेतू होता. बालवीर व वीरबाला पथकेही चालत. बाजारहाटाच्या निमित्ताने आसपासच्या गावांशी व कोल्हापूरशी रोजचा संबंध येई. काही पोलिश तरुणींनी भारतीयांशी विवाह केले व त्या येथेच स्थायिक झाल्या. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील अनेक मुलेही वळिवड्यास आली.

परतीचा प्रश्न

युद्ध संपले, तरी घरी जाण्याची वाट मोकळी झाली नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरले. वसाहतीतील बहुतेकांची गावे त्याच भागात होती. ती आज युक्रेन, बेलारूस व लिथुआनिया या देशांत आहेत. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सामधील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील सरकारची मान्यता संपली. वसाहतीचा मूळ आधारच त्यामुळे गेला व निर्वासितांचा भार आंतरराष्ट्रीय संस्थांकडे आला. साम्यवादी पोलंडमध्ये परतणे थोड्यांनीच पत्करले. ज्यांचे पती किंवा वडील आंदेर्स यांच्या सैन्यात होते, त्यांतील अनेक जण ब्रिटनला गेले. इतर पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आदी ठिकाणी विखुरले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली.

गांधीनगर

रिकाम्या बराकींना नवे रहिवासी लगेच मिळाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथे वसवण्यात आले. ज्या कराचीत उतरून पोलिश कुटुंबे सुरक्षित झाली, त्याच कराचीसह संपूर्ण सिंध या कुटुंबांना सोडावा लागला होता. वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले आणि सिंधी व्यापाऱ्यांनी तेथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी केली. पोलिश पाहुण्यांप्रमाणे त्यांना पुढे जायचे नव्हते. त्यांनी बराकींत फेरफार केले, नवी बांधकामे केली. त्यामुळे जुन्या वसाहतीच्या खुणा आता फार थोड्या उरल्या आहेत.

स्मृती

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. वसाहतीच्या काळात मृत्यू पावलेल्या काहींच्या कबरी शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. माजी रहिवाशांनी ब्रिटनमध्ये संघटना स्थापन करून आठवणी व कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०१९ मध्ये, बालपण येथे घालवलेल्या काही वयोवृद्ध पोलिश नागरिकांनी वळिवड्यास भेट दिली. वॉर्सा येथेही वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचे स्मारक असून, २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पांजली वाहिली.