पाऱ्याच्या नळीपासून फटफटीच्या तराजूपर्यंत

जोखडास जुंपलेल्या दोन बैलांपैकीं एक जोरानें ओढूं लागला आणि दुसरा मागें रेंगाळला, तरी गाडी चालतेच. पण जूं तिरपें होतें, चाकें खडखडतात आणि ओढणाऱ्या बैलाचा खांदा सुजतो. शहाणा गाडीवान अशा वेळीं चाबूक उगारीत नाहीं. तो दोन्ही बैलांची ओढ सारखी करितो. दोन किंवा चार सिलिंडरांच्या मोटारसायकलीची गोष्ट याहून निराळी नाहीं. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्ब्युरेटर असेल आणि ते सारे सारख्या प्रमाणांत उघडत नसतील, तर इंजिन अडखळतें, स्वाराच्या हातांस मुंग्या येतात आणि पेट्रोलही अधिक जळतें. ही ओढ घरच्या घरीं सारखी करण्याचीं साधनें कशीं निर्माण झालीं, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण त्याचा उगम फटफटीच्या जन्मापूर्वीं सुमारें अडीचशें वर्षें झालेल्या प्रयोगांत सांपडतो.

पाणी ओढून काढणारा पंप कितीही उत्तम असला तरी सुमारें दहा मीटरांहून अधिक उंच पाणी चढवीत नाहीं, ही गोष्ट गॅलिलिओनें आपल्या १६३८ सालच्या ग्रंथांत नमूद केली होती. त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला इव्हांजेलिस्ता टॉरिचेली यानें त्या कोड्याचा उलगडा केला. एका बाजूनें बंद असलेली कांचेची लांब नळी पाऱ्यानें भरून ती पाऱ्याच्या भांड्यांत उपडी केली असतां, आंतील पारा सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीवर येऊन स्थिर राहतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड असल्यामुळें जें पाण्यास दहा मीटर, तेंच पाऱ्यास ७६ सेंटिमीटर. ह्या पाऱ्यास वर ओढणारें कोणी नाहीं. बाहेरील हवेचें वजन त्यास तोलून धरितें, असें टॉरिचेलीनें १६४४ सालीं एका पत्रांत प्रतिपादन केलें. हवेस वजन आहे आणि तें नळींत पाहतां येतें, हें त्या दिवशीं ठरलें.

परंतु त्याहूनही उपयोगी असा धडा चार वर्षांनीं फ्रान्सांत मिळाला. ब्लेझ पास्काल याच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए यानें १९ सप्टेंबर १६४८ रोजीं क्लेरमाँ गांवीं पाऱ्याच्या दोन नळ्या भरल्या. प्रथम त्या एकाच जागीं शेजारीं ठेवून दोहोंतील पारा सारख्याच उंचीवर आहे, अशी त्यानें खात्री करून घेतली. मग एक नळी मठाच्या बागेंत एका साधूच्या पहाऱ्यावर ठेविली आणि दुसरीचें साहित्य घेऊन तो प्वी-द-दोम पर्वतावर चढला. शिखरावर पारा सुमारें साडेआठ सेंटिमीटर खालीं उतरलेला आढळला. बागेंतील नळींत मात्र दिवसभर कांहीं फरक पडला नाहीं. पर्वतावरून परत आल्यावर दोन्ही नळ्या पुन्हां सारख्या झाल्या. आधीं दोन्ही मापें एकाच ठिकाणीं जुळवून पाहावीं, मगच त्यांच्यांतील फरकावर विश्वास ठेवावा, ही पेरिएची शिस्त पुढें मोटारसायकलवाल्यांच्या कामीं आली.

आतां इंजिनाकडे वळावयाचें. गॉटलीब डायमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं जर्मनींतील कान्स्टाट येथें जी लांकडी सांगाड्याची दुचाकी तयार केली, तिला एकच सिलिंडर होतें. तेव्हां जुळवाजुळवीचा प्रश्नच नव्हता. १८९३ सालीं हंगेरींतील दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं आणि त्याच वर्षीं मायबाख यानेंही पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याचें तत्त्व सोपें आहे. इंजिनाचा दट्ट्या खालीं जातांना हवा आंत ओढतो; ती हवा अरुंद वाटेनें वेगानें जातां जातां बारीक तोटींतून पेट्रोल उचलून घेते. वाटेंत एक झडप असते. ती जितकी मिटलेली, तितकी झडपेच्या पलीकडील पोकळींत ओढ अधिक. जितकी उघडी, तितकी ओढ कमी. म्हणजे झडप किती उघडली आहे, हें तेथील ओढीवरून कळतें. आणि ओढ मोजण्याचें साधन तर टॉरिचेलीनें आधींच देऊन ठेविलें होतें.

तथापि त्या साधनाची गरज पुष्कळ वर्षें भासली नाहीं. एडवर्ड टर्नर याच्या योजनेप्रमाणें ट्रायम्फ कारखान्यानें १९३७ सालीं काढलेल्या सुप्रसिद्ध 'स्पीड ट्विन' गाडीसही दोन सिलिंडरें असून कार्ब्युरेटर एकच होता. पुढें वेगाची हांव वाढली. त्याच कारखान्याच्या १९५९ सालच्या 'बॉनेव्हिल' गाडीस दोन कार्ब्युरेटर आले. जपानी होंडा कंपनीनें १९६९ सालीं विक्रीस आणलेल्या 'सीबी ७५०' गाडीस चार सिलिंडरें व चार कार्ब्युरेटर होते, आणि १९७२ सालच्या कावासाकीच्या 'झेड १' गाडीसही तितकेच होते. मुठीपासून झडपेपर्यंत ओढ नेणारी तार ही अर्नेस्ट बाउडन यानें १८९६ सालीं पेटंट घेतलेल्या तारेच्या जातीची. ती वापरानें ताणते, तिचें वेष्टण दबतें, आणि दोन तारा कधींही सारख्या प्रमाणांत ताणत नाहींत. पुढें तारांच्या जागीं दांडे व तरफा आल्या, तरी सांधे झिजावयाचे राहिले नाहींत. अशा रीतीनें एका सिलिंडराच्या काळीं नसलेला रोग घरोघरच्या गाड्यांस जडला.

त्यावर पहिला उपाय मनुष्याच्या इंद्रियांचा होता. कोणी रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें टोंक आळीपाळीनें प्रत्येक कार्ब्युरेटराच्या तोंडाशीं नेत आणि हवेचा सुस्कारा ऐकून फरक ओळखीत. कोणी तोंडांत बोटें घालून दोन्ही झडपा एकाच क्षणीं उचलतात कीं नाहीं, तें चांचपीत. कोणी गिरमिटाच्या बारीक पात्याची गुळगुळीत बाजू झडपेखालीं सरकवून अंतर सारखें करीत. हे उपाय टाकाऊ नव्हेत; सुटे केलेले कार्ब्युरेटर परत बसवितांना शेवटचा उपाय आजही करितात. पण इंजिन मंद चालत असतां झडप केसभरच उघडी असते, आणि तेवढ्या फटींतील सूक्ष्म फरक बोटास कळत नाहीं. शिवाय एका सिलिंडराची झीज दुसऱ्याहून अधिक असेल, तर झडपा तंतोतंत सारख्या असूनही ओढ असमान राहते.

म्हणून कारखान्यांच्या पुस्तकांतून ओढ मोजण्यास सांगूं लागले. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील नळकांड्यास लहान छिद्र असतें. त्यावरील स्क्रू काढून तेथें रबरी नळी जोडावयाची आणि तिचें दुसरें टोंक तबकडीच्या मापकास किंवा पाऱ्याच्या उभ्या नळीस लावावयाचें. चार सिलिंडरांस चार नळ्या. चारींतील पारा एका रेषेंत आला कीं काम झालें. यांत दोन अडचणी होत्या. पहिली कांटा थरथरण्याची. मिनिटास हजार फेरे घेणाऱ्या चार-आघाती इंजिनाचें प्रत्येक सिलिंडर सेकंदास सुमारें आठ वेळां हवा ओढतें, म्हणून कांटाही तितकाच नाचतो. नळींत सुईएवढ्या छिद्राची गुळी बसविली कीं तो शांत होतो. दुसरी अडचण अशी कीं, चार तबकड्या मुळांत एकमेकींशीं जुळत नसत. येथें पेरिएचीच युक्ति लागू पडली: चारही मापक प्रथम एकाच सिलिंडरास आळीपाळीनें लावून त्यांचे आपसांतील फरक टिपून ठेवावयाचे.

घरीं काम करणाऱ्या मनुष्यानें ह्याहूनही पुढचें पाऊल टाकिलें. त्यानें असा विचार केला कीं, ओढ किती आहे हें जाणण्याची गरजच काय? दोहोंची ओढ सारखी आहे कीं नाहीं, एवढेंच कळलें म्हणजे पुरे. त्यानें कांहीं मीटर पारदर्शक नळी घेतली, लांकडी फळीवर ती 'यू' अक्षराच्या आकारांत खिळविली, तळाशीं थोडें इंजिनाचें तेल भरलें आणि दोन टोंकें दोन सिलिंडरांस जोडलीं. ज्या बाजूची झडप अधिक मिटलेली, त्या बाजूस तेल चढतें. स्क्रू हळूहळू फिरवून दोन्ही बाजूंचें तेल एका पातळीवर आणलें कीं जोडी जुळली. ह्या तराजूस आंकडे नाहींत, म्हणून आंकडा चुकण्याचें भयही नाहीं. तेल पाऱ्याहून सुमारें पंधरा पटींनीं हलकें असल्यामुळें, पाऱ्यांत जो फरक एक सेंटिमीटर दिसावा, तो तेलांत पंधरा सेंटिमीटर दिसतो. अशा रीतीनें अल्प खर्चाची नळी महागड्या तबकडीहून सूक्ष्म ठरली. चार सिलिंडरें असतील तर पहिलें-दुसरें, मग तिसरें-चौथें, आणि अखेर त्या दोन जोड्या परस्परांशीं, असा क्रम ठेवितात.

पाऱ्याऐवजीं तेल घेण्यास आणखी सबळ कारण आहे. झडपांत फार तफावत असली, तर नळींतील द्रव इंजिनांत ओढला जातो. तेल गेलें तर थोडा वेळ धूर निघतो, इतकेंच. पारा गेला तर त्याची विषारी वाफ धुरावाटे बाहेर पडते, आणि फुटलेल्या नळींतील थेंब घराच्या फटींत वर्षानुवर्षें राहतात. पाऱ्याचे विषारी संयुग जलचरांत सांठून माणसांचा केवढा घात करूं शकतें, हें जपानांतील मिनामाता येथें १९५६ सालीं उघडकीस आलें. त्या गांवाचेंच नांव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला व २०१७ सालीं अमलांत आला; ज्या मापकांतील पारा हद्दपार करण्याचें त्यांत ठरलें, त्यांत पाऱ्याचे दाबमापकही आहेत. पाऱ्याऐवजीं पोलादाच्या कांड्या नळ्यांत तरंगविणारें 'कार्बट्यून' नांवाचें साधनही निघालें. तेलाच्या फळीवर मात्र दोन्ही बाजूंस एकेक रिकामी बाटली मध्यें जोडावी, म्हणजे उसळलेलें तेल तींतच अडकतें. हें काम उघड्या जागीं करावें, कारण बंद खोलींत इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो. आणि हवेनें निवणाऱ्या इंजिनासमोर पंखा ठेवावा.

भारतांत एका सिलिंडराच्या गाड्यांचेंच प्राबल्य राहिल्यामुळें ही विद्या येथील गल्लींतील मिस्त्र्यांस फारशी लागली नाहीं. १९८३ सालीं आलेल्या 'राजदूत ३५०' गाडीस मात्र दोन कार्ब्युरेटर होते, आणि तिच्या दोन्ही झडपा एकदम उचलतात कीं नाहीं, हें डोळ्यानें व बोटानें पाहणारे कारागीर तयार झाले. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांस धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. तरीही जुन्या गाड्या प्रेमानें जपणारे लोक आहेत, आणि पेट्रोल फवारणाऱ्या नव्या यंत्रांतही जेथें प्रत्येक सिलिंडरास वेगळी झडप असते, तेथें ती जुळवावीच लागते.

ह्या सर्व इतिहासांतून निघणारें तात्पर्य असें कीं, उत्तम साधन म्हणजे महाग साधन नव्हे. आपणांस नेमकें काय जाणावयाचें आहे, हा प्रश्न ज्यास स्पष्ट झाला, त्यास नळीचा एक तुकडा व ओंजळभर तेल पुरतें. पेरिएनें मठाच्या बागेंत दोन नळ्या शेजारीं ठेवून जें पाहिलें, तेंच आज अंगणांत गाडी उभी करून मनुष्य पाहतो: दोन पातळ्या सारख्या आहेत कीं नाहींत. त्या सारख्या झाल्या म्हणजे जोखडांतील बैल एका पावलानें चालूं लागतात.