'कडे', 'ला' आणि कॉफी

माटुंग्याच्या कॅफे मद्रासमध्ये रविवारी सकाळी जायचं तर हातात थोडा वेळ आणि पोटात बरीच भूक हवी. दारात नाव सांगायचं, 'किती जण?' या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं आणि आत अनोळखी माणसांसमोर बसून खायची तयारी ठेवायची. 1940 पासूनचं हे ठिकाण. किंग्ज सर्कलचं आता महेश्वरी उद्यान झालं, मद्रासचं चेन्नई झालं, पाटीवरचं नाव मात्र तेच राहिलं.

रांगेत उभं असताना भाचीनं विचारलं, "मामा, इंडिपेंडंट कॅफेला मराठीत काय म्हणायचं रे?"

तिला ऑफिसच्या कामासाठी शब्द हवा होता. 'स्वतंत्र कॅफे' तिनं लिहून पाहिलं होतं, पण त्यातून नुसती तिची अडचण दिसत होती. मी 'अपक्ष' सुचवलं. ती म्हणाली, मग त्याला चिन्ह कुठलं द्यायचं, कपबशी? खरं तर मराठीत या कल्पनेला शब्द नाही, अख्खं वाक्य आहे, आणि ते पुण्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे: आमची कोठेही शाखा नाही. माहिती, इशारा आणि तोरा, तिन्ही त्यात आले. इंग्रजी विशेषणात यातली फक्त माहिती येते.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं गेलं. आत गेलो आणि रसम वडा, रागी डोसा, पायनॅपल शिरा असं सांगून टाकलं. कॉफी शेवटी. नावात 'कॅफे' असून कॉफी शेवटी, हे मुंबईत कुणाला खटकत नाही. फ्रेंचांनी पेयाचंच नाव जागेला दिलं. कॅफे म्हणजे कॉफी, आणि कॅफे म्हणजे ती जिथे मिळते ती जागाही. आपण त्यातली जागा घेतली आणि पेय विसरलो, म्हणून इराण्याच्या कॅफेत चहा पितो, उडप्याच्या कॅफेत डोसा खातो आणि बंगळुरात 1996 साली निघालेल्या 'कॅफे कॉफी डे'च्या नावात कॉफी दोनदा आलीय हे लक्षातही येत नाही. पावरोटीसारखंच हे. पोर्तुगीज 'पाव' म्हणजे रोटीच, तरी पुढे रोटी आहेच.

मूळ शब्द अरबी, कहवा. कॉफीच्या आधी तो मद्यासाठी वापरत असत, असं अरबी कोशकार सांगतात. तुर्कांनी त्याचं काहवे केलं, इटालियनांनी काफ्फे, डचांनी कोफी, आणि इंग्रजीतून तो आपल्याकडे आला तेव्हा आपली पंचाईत झाली, कारण 'ऑ' हा स्वर आपला नव्हे. जुन्या छापील मराठीत 'डाक्टर' असतो तशी 'काफी' असते. डोक्यावरचा अर्धचंद्र नंतर आला. तमिळमध्ये 'फ' नाही, म्हणून तिकडे 'कापी'. आता गंमत पाहा: हिंदुस्थानी संगीतात राग काफी आहे आणि कर्नाटक संगीतात राग कापी. रागांचा आणि पेयाचा काडीचा संबंध नाही, पण आम्ही काफी आणि ते कापी ही वाटणी दोन्हीकडे तंतोतंत जुळते. असल्या योगायोगांवर मी व्युत्पत्ती रचत नाही. भजनी मंडळातल्या एका काकांनी मात्र रचली होती, आणि ती ऐकायला फार छान होती.

दाण्याचा शब्द वेगळा. कॉफीचं झुडूप मूळचं इथिओपियाचं. तिथे कॉफीला 'बुना' म्हणतात, अरबीत दाण्याला 'बुन्न', आणि मराठीत तोच बुंद झाला. माझी आजी 'बुंदाची कॉफी' म्हणायची. बाजारच्या तयार वड्यांची नव्हे, दाणे भाजून दळलेली, वरून जायफळ किसलेली. जायफळाशिवाय कॉफी म्हणजे तिच्या मते आजारी माणसाचं पेय. आजकालच्या कॅफेंच्या भिंतीवर 'बीन्स'ची गावं, उंची आणि भाजण्याची तारीख लिहिलेली असते. तिथे 'बुंद' लिहायला कुणाची हरकत नसावी. दोन अक्षरी शब्द आहे, आणि 'बीन'पेक्षा कॉफीच्या कितीतरी जवळचा. बीन म्हणजे शेवटी घेवडा.

समोर बसलेल्या गृहस्थांनी पोऱ्याला 'डिकॉक्शन थोडं जास्त' म्हणून सांगितलं. डिकॉक्शन हा मुळात वैद्यकाचा शब्द. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उकळून आटवणं, म्हणजे आपला काढा. संस्कृत क्वाथ, त्याचा काढा. कढी आणि कढत त्याच घरातले. पण फिल्टरमध्ये काहीच कढत नाही. वरच्या भांड्यात भुकटी दाबून भरायची, वर उकळतं पाणी ओतायचं, आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब पडेल त्याची वाट बघायची. शब्दात आच आहे, कृतीत नुसता धीर.

कॅपुचिनोची वाट उलटी. कॅपुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या झग्याचा रंग तपकिरी, आणि व्हिएन्नात तशा रंगाच्या कॉफीला 'कापुत्सिनर' म्हणू लागले. कॅपुचिनो त्याचाच इटालियन अवतार. तिथे कापडाचा रंग कॉफीला चिकटला. आपल्याकडे साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस घडी उलगडून म्हणतो, "ताई, यात कॉफी कलर पण आहे." म्हणजे आपण कॉफीचा रंग परत कापडाला दिला. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी यांच्या रांगेत कॉफी बसली, ती कुणाच्या परवानगीशिवाय.

बरिस्ता हा शब्द 'बार'वरून आलाय, हे सांगितल्यावर भाची हसली. इटलीत बारमध्ये सकाळी कॉफी पितात. आपल्याकडे 'बारमध्ये गेला होता' हे वाक्य पुढे चौकशीलाच पाठवतात. पहिल्या अरबी अर्थाशी यानं फिटंफाट झाली म्हणायची.

तरी तिचा प्रश्न तसाच होता. मग मी माझा लाडका सिद्धांत मांडला. मराठीत या वेगळेपणाची खूण नामात नाही, प्रत्ययात आहे. आपण 'इराण्याकडे' जातो, 'उडप्याकडे' जातो. कड म्हणजे बाजू; मूल कडेवर असतं, भांडणात आपण कुणाची कड घेतो. 'कडे' जायला पलीकडे माणूस लागतो, गल्ल्यावर बसलेला, आपला चेहरा ओळखणारा. ठिकाण फार आवडीचं झालं की आणखी एक होतं: 'वैशालीला भेटू', 'गुडलकला ये'. पुण्याला, नाशिकला म्हणावं तसं. हॉटेलाचं गाव होतं. साखळी दुकानांना ना 'कडे' लागतं ना 'ला', त्यांच्या वाट्याला नुसतं 'मध्ये'.

भाचीनं शिऱ्याचा शेवटचा घास तोंडात टाकला. "मामा, आम्ही कॉलेजात असताना रोज म्हणायचो, सीसीडीला भेटू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोऱ्यानं स्टीलचे दोन पेले आणि पसरट वाट्या आणून ठेवल्या. तिनं पेला उचलून हात वर नेला आणि खाली धरलेल्या वाटीत कॉफी ओतली, मग वाटीतून पुन्हा पेल्यात. तिसऱ्या खेपेला फेस काठाशी आला.

"काठावरून सांडतंय," समोरचे गृहस्थ म्हणाले, आणि स्वतःचा पेला तिच्यापेक्षा हातभर उंच नेऊन दाखवू लागले.