भिंतीचा मालक

कोलकात्याच्या बेहाल्यात निवडणुकीची चाहूल लागली की आधी चुन्याची बादली बाहेर निघते. सखेरबाजारपासून पर्णश्रीपर्यंतच्या गल्ल्यांत पक्षाची पोरं रात्रीतून भिंती पांढऱ्या करतात आणि कोपऱ्यात ‘साइट फॉर’ असं लिहून पुढे पक्षाचं नाव टाकतात. जागा धरली गेली. उमेदवार ठरायला वेळ असतो, पण त्या भिंतीला दुसऱ्या पक्षाचा ब्रश सहसा लागत नाही. ज्याचं घर त्याला विचारलं जातं का? कधी विचारतात, कधी सांगतात, आणि सांगण्याचा सूर असा असतो की माणूस मान हलवून मोकळा होतो.

मी मूळचा विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी, म्हणजे गलाईसाठी, देशभर पांगली. आमचे आबा बऊबाजारच्या सोनारपट्टीत आले आणि त्यांची हयात भट्टीपुढे गेली. मी भट्टी सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरलो, बेहाल्यात दुकान टाकलं. गिऱ्हाईक आता मशीन बिघडलं म्हणून जितकं येतं तितकंच “दादा, ह्या अ‍ॅड बंद करून द्या” म्हणून येतं. त्यामुळे जाहिरात माणसाच्या अंगावर कशी येते आणि माणूस ती कशी परतवतो हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे. आणि ह्या झगड्याचा इतिहास शोधायला कोलकात्याबाहेर फार जावं लागत नाही.

भारतातलं पहिलं छापील वर्तमानपत्र ह्याच शहरात २९ जानेवारी १७८० रोजी निघालं. जेम्स ऑगस्टस हिकीच्या त्या साप्ताहिकाचं नाव आपण ‘बेंगॉल गॅझेट’ एवढंच लक्षात ठेवतो. पण त्याच्या शीर्षकातच पुढे ‘कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर’ असं होतं. बातमी आणि जाहिरात ह्या देशात एकाच दिवशी, एकाच कागदावर जन्मली. जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र कसं चालेल, हे आज वेबसाइटवाले विचारतात. त्या प्रश्नाचं वय निदान तेवढं आहे.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी इथल्याच हेमेंद्रमोहन बसू ह्या उद्योजकाने जे केलं ते मला आजच्या कुठल्याही जाहिरात कंपनीपेक्षा मोठं वाटतं. ते ‘कुंतलीन’ नावाचं केशतेल आणि ‘देलखोश’ नावाचं अत्तर बनवत. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. अट अशी की कथेत ह्या वस्तूंचा उल्लेख यावा, पण कथा जाहिरातीसारखी वाटता कामा नये. पहिल्या वर्षीचं बक्षीस नाव न देता लिहिलेल्या एका कथेला मिळालं. समुद्रातलं वादळ केशतेलाच्या बाटलीने शांत होतं अशी ती कथा, आणि लेखक निघाले जगदीशचंद्र बसू. ती बंगालीतल्या पहिल्या विज्ञानकथांपैकी एक मानतात. पुढे १९०३ मध्ये ‘मंदिर’ ह्या कथेला हेच बक्षीस मिळालं. ती शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी आपल्या मामाच्या नावाने पाठवली होती. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले आपले शरदबाबू ते हेच. तेलाचा व्यापार झाला आणि वाचकाच्या हाती साहित्यही आलं. आजचे लोक बातमीचं सोंग घेतलेली जाहिरात छापतात, पण वाचकाला बदल्यात काहीच देत नाहीत, वरून फसवतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जे तेरा फसवे प्रकार बेकायदा ठरवले, त्यांत ही वेष बदललेली जाहिरात आहे.

पैशाचा प्रश्न बेहाल्याला पूजेमुळे नीट कळतो. इथल्याच बडिशाच्या सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा १६१० पासूनची मानली जाते. ती घराण्याच्या खर्चाने चाले. अठराव्या शतकात हुगळीतल्या गुप्तिपाड्याला बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा केली, तिथून बारोवारी, म्हणजे चंद्याची पूजा आली. मग १९८५ मध्ये एका रंगाच्या कंपनीने, एशियन पेंट्सने, ‘शारद सम्मान’ हा पुरस्कार सुरू केला आणि मंडळांमध्ये कलेची चढाओढ लागली. २०२० मध्ये बडिशा क्लबने देवीला लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघालेल्या मजूर आईच्या रूपात उभं केलं. ती मूर्ती देशभर पोचली. अशा पूजेला पैसा लागतो आणि तो आज मोठ्या प्रमाणात प्रायोजकांकडून येतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. वतनदार, वर्गणी, प्रायोजक: इंटरनेटवरच्या मजकुराचा खर्च उचलायचे मार्गही शेवटी हेच तीन.

पण त्याच पूजेच्या आधी कित्येक आठवडे फुटपाथभर बांबूचे सांगाडे उभे राहतात आणि त्यांवर फ्लेक्स चढतात. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या एका शेजारणीच्या खिडकीसमोर दरवर्षी असा फ्लेक्स येतो. त्या म्हणतात, “पूजा माझीही आहे, चंदा मी देते, मग उजेड माझा का गेला?” ह्या प्रश्नाला मंडळातल्या कुणाकडूनही त्यांना धड उत्तर मिळालेलं नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा पहिल्या शहरांत कोलकाता होतं. त्याच्या जेमतेम दहा महिने आधी, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ ह्या वेबसाइटवर पहिली बॅनर जाहिरात झळकली होती. जाहिरात आपल्या आधी पोचून बसली होती म्हणायची. मग पॉप-अप आलं. ट्रायपॉड ह्या कंपनीत एथन झुकरमन यांनी त्याचा कोड लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली, कंपनी चिडली, तेव्हा पान आणि जाहिरात वेगळ्या खिडक्यांत ठेवू असा तोडगा निघाला. २०१४ मध्ये झुकरमन यांनी जाहीर लेखात त्याबद्दल माफी मागितली. एवढ्या सरळपणाने चूक मान्य करणारा माणूस ह्या धंद्यात विरळाच.

सायबर कॅफेच्या काळात टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट चाले आणि गिऱ्हाईक तासाचे पैसे मोजे. त्या तासातली कितीतरी मिनिटं खिडक्या बंद करण्यात जात. एक बंद केली की मागे दुसरी. नंतर खोटी ‘डाउनलोड’ची बटणं आली, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला’ असं ओरडणारे लाल चौकोन आले. पर्णश्रीतल्या एका निवृत्त मास्टरमोशायांनी अशाच चौकोनातला नंबर फिरवला आणि पेन्शनमधली रक्कम गमावली. त्यांच्या मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना सांगितलं की शोध घेताना जाहिरात रोखणारं साधन वापरा. मास्टरमोशायांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

ते साधन तोवर वीस वर्षांचं झालं होतं. २००२ मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक सोरेन्सेन ह्या विद्यार्थ्याने पहिलं ‘अ‍ॅडब्लॉक’ लिहिलं. २००६ मध्ये व्लादिमिर पलांट यांचं ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ आलं, २०१४ मध्ये रेमंड हिल यांचं ‘यूब्लॉक ओरिजिन’. त्याचं काम गिऱ्हाइकाला मी असं सांगतो: पान उघडताना ब्राउझर अनेक पत्त्यांवर मागणी पाठवतो, काही मजकुरासाठी, बरेचसे जाहिरातीसाठी आणि तुमच्यावर पाळत ठेवण्यासाठी. स्वयंसेवक अशा पत्त्यांची यादी सतत अद्ययावत ठेवतात. यादीतला पत्ता दिसला की मागणी जातच नाही. म्हणून डेटा वाचतो आणि जुना फोनही हलका चालतो. ह्यात कुणाची वस्तू उचललेली नसते. तुमच्या मशीनने काय मागवायचं हे तुम्ही ठरवलेलं असतं, एवढंच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये एका बड्या प्रकाशन संस्थेचा दावा फेटाळून अ‍ॅडब्लॉक प्लसच्या बाजूने निकाल दिला. तरी अ‍ॅडब्लॉक प्लसच्याच कंपनीने २०११ पासून ‘चालतील अशा’ जाहिरातींची यादी काढली आणि मोठ्या जाहिरातदारांकडून त्यासाठी पैसे घेतले, हे मला पटलेलं नाही. राखणदाराने दोन्हीकडून पगार घेऊ नये.

आमच्या शहराने मात्र ह्या वादाचा पाया फार आधी घातला होता. १९९६ च्या एप्रिलमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांच्यासमोर एका धार्मिक संस्थेचं लाउडस्पीकरचं प्रकरण होतं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न ऐकण्याचं स्वातंत्र्यही येतं, कुणाला बळजबरीने श्रोता बनवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच विचार उचलून धरला. हा निकाल ध्वनीपुरता आहे, पडद्याला तो लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कान आणि डोळा ह्यांत मला फरक करता येत नाही. आणि डोळ्यालाही इथे एकदा तशी सुटका मिळाली. २००६ च्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा १९७६ चा कायदा काटेकोर लावला, तेव्हा बेहाल्याच्या भिंती कोऱ्या राहिल्या. निवडणूक व्हायची ती झालीच.

आता दाब पुन्हा वाढला आहे. २०२३ पासून यूट्यूब ब्लॉकर ओळखून व्हिडिओ अडवतं. क्रोमने २०२४ पासून एक्स्टेन्शनचे जुने नियम काढून घेतले आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे बंद पडलं. जगातली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा ब्राउझर ह्यांचा मालक एकच आहे. ज्याला भिंत हवी तोच घराच्या किल्ल्या बनवतो, ही आजची खरी अडचण आहे. मी गिऱ्हाइकांना फायरफॉक्सवर नेतो. तिथे यूब्लॉक ओरिजिन अजून पूर्ण ताकदीने चालतं.

लिहिणाऱ्यांचं पोट मात्र मला दिसतं. जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या छोट्या मराठी साइट जाहिरातीवरच तगतात, आणि विट्याची बातमी मला बेहाल्यात त्यांच्यामुळेच कळते. म्हणून वाचकांना माझं सांगणं असं: ब्लॉकर लावाच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर आधी लावा. मग ज्या साइटवर तुमचा विश्वास आहे, जी मजकूर झाकत नाही, तिच्यापुरता तो बंद करा. एका बटणाचं काम आहे. आणि त्या साइटची वर्गणी असेल तर पूजेच्या चंद्यासारखी ती दरवर्षी भरा.