तणे, चराऊ रानांतील (विषारी व आक्रमक)

गायराने, माळराने, पडजमिनी आणि वनखात्याची कुरणे यांत वाढणाऱ्या व गुरे टाळतात किंवा खाल्ल्यास ज्यांची बाधा होते अशा वनस्पती. आक्रमकपणा आणि विषारीपणा एकाच वनस्पतीत असतोच असे नाही. धोतरा विषारी आहे, पण तो माळ व्यापत नाही; वेडी बाभूळ माळ व्यापते, पण तिच्या शेंगा गुरे आवडीने खातात. दोन्ही गुण एकत्र येतात तेथे कुरण लवकर बिघडते. मारवेल, पवन्या ही गवते गुरे बुडख्यापर्यंत खातात, तण तसेच सोडतात. बी धरायला तणच उरते. विषबाधा बहुधा चारा संपल्यावर होते. उन्हाळ्याची अखेर आणि पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे हा तिचा काळ. परमुलखातून आणलेली, भुकेली जनावरे तिला अधिक बळी पडतात.

ओळख : वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांतील वर्णने मुख्यतः फुलांवर बेतलेली असतात. जनावराच्या तोंडी मात्र तण फुलण्याच्या बरेच आधी लागते आणि उपटायचे तेही तेव्हाच. म्हणून पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल आहे की चौकोनी, चीक निघतो का आणि पान चुरडल्यावर वास कसा येतो, एवढे आधी पाहावे. स्थानिक नावावर विसंबू नये. ‘गोखरू’ हे नाव जमिनीवर पसरणाऱ्या सराट्यालाही आहे आणि कमरेएवढ्या वाढणाऱ्या शंकेश्वरालाही. दोहोंची कुळे वेगळी आणि विषेही वेगळी.

गाजर गवत : इतर नावे काँग्रेस गवत, पांढरी फुली, चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल ॲस्टरेसी. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, गवत नव्हे. कोवळेपणी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात, पण चुरडल्यास गाजराचा वास येत नाही. पुढे मधून उभ्या रेघांचे, लवदार, ताठ खोड वर येते व त्याला अनेक फांद्या फुटतात. पांढरी फुले म्हणजे प्रत्यक्षात फुलांचे बारीक गुच्छ असतात. गुच्छाच्या कडेला पाच किरणपुष्पके असून प्रत्येकाला एक, असे गुच्छाला पाचच बी धरते. गुच्छ मात्र इतके असतात की एका झाडापासून हजारोंनी बी पडते.

भारतातील त्याच्या आगमनाची माहिती पुण्याच्या बाबतीत चांगली नोंदलेली आहे. १९५५ मध्ये तेथे आढळलेल्या झाडांची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवीन म्हणून प्रसिद्ध केली. पीएल-४८० योजनेतील अमेरिकन गव्हाबरोबर हे बी आले, असा समज रूढ आहे. त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे, म्हणजे पुण्यातील झाडे त्याआधीची ठरतात. अमेरिकन गहू १९५१ मध्येही कर्जाऊ आला होता. शिवाय रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कोलकाता उद्यानसूचीत हे नाव आढळते. तेव्हा ‘पहिले आगमन’ आणि ‘प्रसाराचा आरंभ’ या दोन गोष्टी वेगळ्या धरणे बरे. ‘काँग्रेस’ या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल अनेक मते आहेत.

विषद्रव्य पार्थेनिन. माणसांत त्वचादाह व परागकणांमुळे दमा. गुरे सहसा तोंड लावत नाहीत. खाल्ल्यास तोंडात व्रण पडतात, कातडीला खाज सुटते, दूध कडवट होते. चाऱ्यात मोठ्या प्रमाणावर मिसळून दिलेल्या प्रयोगांत गुरे दगावली आहेत.

घाणेरी : टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या उद्यानात शोभेसाठी आणली गेली. खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले काटे. पाने समोरासमोर, खरखरीत, उग्र वासाची. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले दिसतात, कारण उमलल्यानंतर त्यांचा रंग पालटतो. काळी पिकलेली फळे बुलबुलादी पक्षी खातात व बी दूरवर टाकतात. पानांतील लँटाडीन यकृतातील पित्ताचा प्रवाह अडवते. हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारे एक द्रव्य मग शरीराबाहेर न पडता रक्तात साचते आणि उन्हात मुस्कट, कान, सड यांवरची फिकी कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. जनावर सावली शोधते, रवंथ थांबते, डोळे पिवळे होतात. सर्व प्रकार सारखे विषारी नसतात, पण फुलांच्या रंगावरून ते ठरवणे धोक्याचे.

शंकेश्वर : शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमॅरियम. मूलस्थानाविषयी एकमत नाही. तलावाचे पाणी ओसरलेल्या गाळात दाट उगवते. सर्वांत विषारी अवस्था नुकत्याच उगवलेल्या रोपांची, आणि नेमकी तीच ओळखू येत नाही : दोन बीजपत्रे लांबट, अरुंद, जाडसर असतात, तर नंतरची पाने रुंद, त्रिकोणी व खरखरीत. आकड्यांची फळे लोकरीत अडकतात. धनगरांची तक्रार विषापेक्षा त्यांचीच जास्त. लोकरीचा तोच जाच अस्सल देशी कुसळी गवतही देते.

वेडी बाभूळ : देशी बाभळीची फुले पिवळी, गोंड्यासारखी गोल व शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, हिची फुले लांब तुऱ्यात व शेंगा फिकट पिवळ्या, सरळसोट. शेणातून बी पसरते. कच्छमधील बन्नी कुरणाचा मोठा भाग हिने गिळला आहे. तिथे ती ‘गांडो बावळ’ म्हणजे वेडी बाभूळच.

बेशरम : नाल्याकाठी, फुले कर्ण्यासारखी, फिकट गुलाबी-जांभळी. शेळ्यांना हिची चटक लागते व पुढे तोल जातो, मान थरथरते.

रानमोडी : कोकण व गोवा. त्रिकोणी पानावर तीन ठळक शिरा.

उपचार : पशुवैद्यकाकडून.

नियंत्रण : फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटणे, गाजर गवतासाठी हातमोजे आवश्यक. मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळूरला आणलेला झायगोग्रामा भुंगेरा गाजर गवताची पाने खातो. त्याचे काम पावसाळ्यापुरते. कोरड्या दिवसांत तो मातीत निश्चल पडून असतो, आणि पाटाच्या किंवा सांडपाण्याच्या ओलीवर हिवाळ्यात उगवलेले गाजर गवत त्याच्या तावडीतून सुटते.