इतर हक्कातली आई

आमच्या घरात आजीला आई म्हणत आणि आईला वहिनी. एकत्र घर होतं, चुलते जी हाक मारत तीच आम्ही पोरं शिकलो. म्हणून इथं आई म्हटलं की ती माझी आजी समजावी. तिचं नाव मी लिहीत नाही. थोरल्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही सवय हातालाही लागलीय.

ती २०१४ च्या पावसाळ्यात गेली. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९३० असा होता. ते खरं धरलं तर तिचं लग्न जन्माच्या वर्षीच झालं म्हणायचं! तिचं खरं वय आम्ही तिच्याच बोलण्यातून काढलं. ती म्हणायची, "मानमोडी आली तवा मी दुपट्यात व्हते. त्यातच माजी आई गेली." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. दुसरी खूण लग्नाची. "कायद्याच्या भ्यानं लगीन लावलं" असं ती सांगे. कसला कायदा ते तिला ठाऊक नव्हतं. मला पुढं वाचताना सापडलं. सारडा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. चौदा वर्षांखालच्या पोरीचं लग्न लावणं गुन्हा ठरणार, म्हणून त्याआधी लोकांनी घाईघाईनं पोरी उजवल्या. त्या घाईत आई अकरा-बारा वर्षांची नवरी होऊन माण तालुक्यात, आमच्या गावी आली. म्हणजे गेली तेव्हा ती शहाण्णवच्या घरात होती.

माण म्हणजे पावसाच्या सावलीतला मुलूख. बाजरी, मटकी, हुलगा. ज्या घरात चार पोरं त्यातली दोन मुंबईच्या गिरणीत, नाहीतर सोन्याचांदीच्या गलाईला परमुलखात. आमचाही एक चुलता गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर वळकटी घेऊन परत आला.

आजा १९५९ साली वारला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेलाही पोरांच्या बरोबरीनं वारस ठरवलं होतं, पण कायदा गावात यायला वेळ लागतो. सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव लागलं, पुढं 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आईचं नाव गेलं 'इतर हक्क' ह्या रकान्यात. त्या रकान्यात सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीचा हिस्सा लिहितात. गावात सगळ्याच विधवांचं तसं होतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

आणि विहीर तर तिच्याच पैशानं झाली. १९६४ साली तिनं माहेरची बोरमाळ आणि पुतळ्या मोडल्या, तेव्हा सुरुंगवाले आले. पाणी लागलं त्या दिवशी ती काठावर गेली नाही, चुलीपुढंच बसून होती. दागिना आठवला असावा असं मला आता वाटतं.

ती विहीर १९७२ ला तळाला गेली. मी बारा वर्षांचा. आदली सालंही ओढीचीच होती, त्या साली तर पेरलेलं उगवलं नाही. जनावरं दावणीवरनं सोडून दिली. रेशनला मिलो यायचा, लाल रंगाचा परदेशी जोंधळा. त्याची भाकरी थापताना फुटायची. आई ती भाकरी गरम पाण्याचा हात लावून लावून जोडायची आणि वर शिव्या द्यायची, मिलोला. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. घरातली चार माणसं कामाला, त्यात पन्नाशी ओलांडलेली आई खडी फोडायला. शाळा सुटली की मी तिच्याकडं पळायचो, कारण तिथं सुकडी मिळायची. ती स्वतःच्या वाटणीची पदराला बांधून ठेवायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत.

पहिल्या पगाराला कारकुनानं मस्टर पुढं ओढलं आणि तिचं नाव पुकारलं. नुसतं तिचं, नवऱ्याचं, सासऱ्याचं. तिला कळेचना कुणाला बोलावतात. मी म्हणालो, "आई, तुलाच." तिनं अंगठा दिला, पैसे मोजले, आणि वाटंनं मला विचारलं, "त्यानं माजं नाव लिवलं व्हतं न्हवं? कुठं लिवलं, वर का खाली?" मी म्हणालो, वळीत, सगळ्यांच्या बरोबर. ती काही बोलली नाही. पण दर पगाराला ती शाईचा अंगठा दोन दिवस नीट धुवायची नाही. त्याच कामांच्या अनुभवावर १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला.

आता माझी गोष्ट. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : ज्या बाईनं रान राबवलं तिच्या नावावर थोडं रान करा. मी बिल्ला लावणारा माणूस. सभेहून आल्यावर घरात मोठ्यानं सांगितलं की आपण करायचं. वाटण्या होऊन माझ्या नावावर चार एकर आलं होतं. भाऊ हसले. एकजण म्हणाला, "उद्या ती माहेरी गेली मग?" वीस वर्षं नांदलेल्या नसल्या तरी दहा वर्षं नांदलेल्या बाईविषयी हे बोलणं. आणि मी गप बसलो.

आई विसरली नाही. चार-सहा महिन्यांनी शेंगा फोडताना विचारलं, "सूनबाईचं नाव घातलंस का?" मी म्हणालो, "घातलं." तिनं तोंडावरनं हात फिरवला माझ्या. नजर तेव्हाच अधू झालेली. कागद दाखव म्हणाली असती तरी तिला वाचता कुठं येत होतं? पुढची वीसएक वर्षं ती माझ्या बायकोला चेष्टेनं "मालकीणबाई" म्हणायची. बायको माझ्याकडं बघायची. तिला खरं माहीत होतं, पण म्हातारीपुढं तिनं मला कधी उघडं पाडलं नाही.

ती गेल्यावर दिवसकार्य उरकून मी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. इतर हक्कातलं नाव कमी करायचं असतं, त्याला कंस करणं म्हणतात. फेरफार झाला आणि पंचावन्न वर्षं त्या रकान्यात बसलेल्या आईला दोन बाजूंनी कंस पडला. त्याच दिवशी मी दुसरा अर्ज दिला. दोन महिन्यांनी नवा उतारा आला. बायकोला वाचून दाखवला. ती परड्यात शेण काढत होती, हात तसेच ठेवून म्हणाली, "म्हातारीला खोटं सांगितलं व्हतं, ते आता कुणाला सांगणार?"

उतारा तिनं ट्रंकेत आईच्या लुगड्याखाली ठेवलाय.