नामयाचे गणगोत

जवळा बाजार आणि नरसी एकाच हिंगोली जिल्ह्यातली. म्हणूनच की काय, मुलूख ओलांडून भक्ती सांगणाऱ्या नामदेवांची वंशावळ जुळविण्याचा मोह मला आवरेना. जन्म, परंपरेनुसार, १२७० चा. पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई; पुत्र नारा, विठा, गोंदा, महादा. ही नावे राखली ती सनदांनी नव्हे, अभंगांनी. तिकडे पंजाबात घुमानला नामदेवांचे स्थान आहे. गुरुग्रंथसाहिबातली त्यांची ६१ पदे शीख बांधव आपल्याच घरची म्हणून गातात. मग रक्ताचे नाते ते केवढे? आणि जनाबाईला कोणत्या फांदीवर लिहावे? ती तर या घरची दासी! पण पुत्रांचे अभंग कितीजणांना पाठ आहेत? जनी मात्र घरोघर जात्यावर नांदली. मी तिचे नाव चौघा पुत्रांच्याच ओळीत लिहिले.