रेशमाचा काठ

मे महिन्यात भर दुपारी कामठी रोडवर उभं राहून बघा. स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींचे फक्त डोळे दिसतात. बाकी सगळं डोकं, नाक, मान सुती स्कार्फात गुंडाळलेलं. पारा ४५ अंशांच्या वर गेला की स्कार्फ ही फॅशन राहत नाही, तो उन्हावरचा इलाज होतो. त्यामुळे कुणी हजारो रुपये मोजून पॅरिसचा जुना रेशमी रुमाल मागवला, तर आमच्याकडे पहिला प्रश्न येतो : ‘याने ऊन थांबते का?’

मी असे रुमाल बघते, कधीमधी घेते आणि वापरतेही. त्यांच्यामागे लागल्यावर एक गोष्ट कळली. गळ्यात बांधायच्या चौकोनी रेशमी रुमालाची वाट युरोपात सुरू होऊन इकडे आलेली नाही. ती इथून तिकडे गेली.

‘बंडाना’ हा शब्दच घ्या. आपल्या ‘बांधणे’, ‘बांधणी’च्या कुळातला तो शब्द. कापडाला जागोजाग गाठी बांधून रंगात बुडवायचं, की गाठीच्या जागी पांढरे ठिपके राहतात. बंगालमधल्या कासिमबाजारकडचे असे रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून नेत असे. इंग्रज गृहस्थांना ते आवडायचे, त्याचं एक कारण अगदी घरगुती आहे : ते तपकीर ओढायचे, आणि गडद रंगाच्या रुमालावर तपकिरीचे डाग दिसत नाहीत.

आपल्या विणकरांचं पोट बुडेल म्हणून इंग्लंडने १७०१ पासून हिंदी रेशमी कापड अंगावर घालायलाच कायद्याने बंदी केली. ती १८२६ पर्यंत टिकली. टिकली म्हणजे कागदावर. चोरून आणलेले रुमाल खिशाखिशात असायचे. कामठीची छावणी कन्हानकाठी बसली १८२१ मध्ये. म्हणजे सीताबर्डीची लढाई जिंकून इंग्रजांची पलटण इथे तंबू ठोकत होती, तेव्हा त्यांच्याच देशात इथला रेशमी रुमाल गळ्यात बांधणं हा गुन्हा होता.

छावणीमागे बाजार आला. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकरही इथे स्थिरावले. कामठीचे माग मुख्यतः सुताचे. रेशीम शोधायचं तर नागपूरचे कोष्टी, उमरेड, पवनी आणि पुढे भंडारा जिल्ह्यातली मोहाडी, आंधळगाव ही गावं गाठावी लागतात. आणि तिथे गेल्यावर आधी काठ बघायचा.

विदर्भात नखशिखांत रेशीम ही चैन फार थोड्यांची. नागपूर-उमरेडच्या चांगल्या धोतराचं, उपरण्याचं अंग सुताचं आणि काठ रेशमाचा असे. भंडाऱ्याकडच्या करवतीकाठी साडीत नेमकं उलटं : अंग टसरचं, काठ सुताचा. दोन्हीकडे कसब एकच, दोन वेगळ्या जातींचे धागे एका कापडात नांदवायचे. करवतीला तीन धोटे लागतात. एक मधल्या अंगाचा, दोन काठांचे. प्रत्येक ओळीला अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचा. त्यातून काठाच्या रंगाचे दाते अंगात घुसतात, करवतीसारखे, म्हणून ते नाव. या विणीला आता जीआय मानांकनही मिळालं आहे.

तिचं टसर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होतं. अळ्या घरात नाही, जंगलात वाढतात. भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवर त्यांना पाखरांपासून राखतात. कोसा उकळून बायका धागा काढायच्या तो उघड्या मांडीवर घासून, आणि मांडीची कातडी सोलून निघायची. केंद्रीय रेशीम मंडळाने त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं, ते फार अलीकडे. एखादं जुनं टसर मी हातात घेते तेव्हा मधासारख्या त्या रंगाआधी मला ही मांडी आठवते. इलाज नाही.

हा मधाचा रंग युरोपला मात्र नको होता. टसर जात्याच तपकिरी, डिंक चिवट, वर दुसरा रंग बसेना. इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने चिकाटीने ते कोडं सोडवलं आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेलं टसर मांडलं. पुढे १८८५-८६ मध्ये तो रेशमाच्या शोधात हिंदुस्थानात येऊन गेला. त्याने छापलेलं हिंदी रेशीम लंडनच्या ‘लिबर्टी’ दुकानात विकलं जाई. हेच दुकान पुढे स्कार्फांसाठी जगभर नावाजलं. घोड्यांचं सामान बनवणाऱ्या ‘एर्मेस’ने आपला पहिला चौकोनी स्कार्फ काढला १९३७ मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर.

एर्मेसचा जुना स्कार्फ ओळखायचा असेल तर जाणकार चित्राआधी काय बघतात? काठच. कडा हाताने गुंडाळून टिपलेली, पुढच्या बाजूला वळवलेली आणि फुगीर हवी. सपाट मशीनची शिवण दिसली की हात आखडता घ्यावा. तिथे त्या काठाला नाव आहे, कंपनीचा इतिहास आहे, म्हणून ८० वर्षांचा रुमालही कुणी टाकत नाही.

आपल्याकडे जुनं रेशीम का उरलं नाही, याचं उत्तर बोहारणीच्या पाटीत आहे. तिला चांगली पारख असायची, पण विणीची नव्हे. खऱ्या जरीत चांदी असते. जरीची साडी, शेला, पागोटं जीर्ण झालं की त्यावर स्टीलचं पातेलं मिळायचं. कापड जाळून चांदी गाळली जायची आणि त्याबरोबर ती वीणही जायची. बिनजरीच्या करवतीवर पातेलं मिळण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती जळण्यातून वाचली, आणि मग गोधडीत गेली, धान्याच्या पिशवीत गेली, पुसण्यात गेली. विणणाऱ्याचं नाव तर कापडावर कधी नव्हतंच.

आता वारं फिरलंय. अशाच साड्या ‘व्हिंटेज टसर स्टोल’ होऊन मोबाइलवर विकल्या जातात. घेताना सांगते काय बघायचं. स्टोल म्हणूनच विणलेल्या कापडाला दोन्ही लांब बाजूंना विणलेली किनार असते. साडी कापून केलेल्याला ती एकाच बाजूला, उरलेल्या तिन्ही बाजू दुमडून शिवलेल्या. नऊवारी आडवी चार तुकड्यांत आणि प्रत्येक तुकडा मधून उभा कापला की आठ स्टोल होतात. मग कापड उलटं करा. अंग आणि काठ जुळतात तिथे खऱ्या करवतीत धागे एकमेकांत अडकलेले दिसतात, वेगळा काठ जोडल्याची शिवण दिसत नाही. रेशमाची शंका असेल तर कडेचा एकच धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास यायला हवा आणि राख बोटात चुरडायला हवी. गोळी झाली तर ते प्लास्टिकचं भावंडं. नवीन कापड असेल तर ‘सिल्क मार्क’ची खूण बघा, ती २००४ पासून आहे.

फाटलेली, कुजू लागलेली साडी कापून तिचा धड भाग कुणी गळ्यात घातला तर माझी काही तक्रार नाही. ती गोधडीची रीतच झाली. पण धडधाकट करवतीला, एकीच्या जागी आठ गिऱ्हाइकं मिळतात म्हणून कात्री लावणं मला बघवत नाही. त्या आठ तुकड्यांवरून पदर कसा होता, दोन्ही काठ सारखे होते की नव्हते, हे पुन्हा कुणालाही सांगता येणार नाही. बोहारीण निदान चांदी तरी वाचवायची. म्हणून मी विकणाऱ्याला आधी विचारते, साडी कुठून फाटली होती? सांगता येत असेल तर घेते. अख्खी साडी विकत असतील तर तीच मागते, आणि नव्यासाठी पैसे असतील तर सरळ मोहाडीच्या मागावरचं घेते.

माझ्याकडे तसा एकच कापलेला तुकडा आहे. मातकट सोनेरी अंग, तांबडा काठ, दाते अजून टोकदार. मधोमध विरली होती ती साडी. काठ अर्थात एकाच बाजूला आहे. दुसरा कुणाच्या तरी गळ्यात असेल.